न मागितलेली माफी

आत्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, आणि तरीही बाइंडिंगखान्यात तिच्याइतकी सरळ शिवण कुणाची पडायची नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. तिच्यासोबत राहायचं म्हणजे दिवसातून दहादा ऐकून घ्यायचं, "मला आठ बोटांत जमतं, तुला दहांत का जमत नाही गं?" चादरीची घडी असो, पार्सलची गाठ असो, नाहीतर औषधाच्या बाटलीचं झाकण, हे वाक्य ठरलेलं.

ती बाइंडर होती. छापखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. छापून आलेले मोठाले कागद तिथं घड्या घालून, शिवून, खळ लावून, पुठ्ठे चढवून पुस्तकं होऊन बाहेर पडायचे. आत्यानं त्या खोलीत छत्तीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. तिच्या पदराला कायम खळीचा आंबूस वास असायचा आणि पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा ते टेबलावर उघडं राहतं का, याचीच तिला पडलेली असायची. एकदा मी शिकवायचे त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं तिला स्वतःच्या कवितांचा संग्रह मोठ्या प्रेमानं भेट दिला. आत्यानं तो मधोमध उघडून उलटा वाकवला आणि म्हणाली, "वर्षभरात पानं सुटतील." त्या बाई पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत.

मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पस्तिशीत होते, नवऱ्याशी फारकत घेऊन. येण्याआधी पाच वर्षं तिची बोटं गेली होती. कशी गेली ते सगळ्या घराला ठाऊक होतं. कागदांचा गठ्ठा कापायचं मोठं यंत्र होतं, त्यावर दोन माणसं लागत. एकानं गठ्ठा ठोकून सरळ करायचा, पात्याखाली सरकवायचा, हात काढायचे आणि "हं" म्हणायचं. ते "हं" ऐकल्यावर दुसऱ्यानं पातं खाली आणायचं. गठ्ठा आत्या लावायची, पातं मिस्त्री आणायचे. एका सकाळी मिस्त्रींनी "हं" ऐकलं नाही तरी पातं आणलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

मिस्त्री ख्रिस्ती होते. हळू आवाजाचे, मोठ्या कानांचे, बायको गेलेली, एकुलती मुलगी लांबच्या गावी दिलेली. मशीन पुसताना प्रार्थनेची गाणी गुणगुणत. त्यांच्यासारखा सरळ माणूस त्या छापखान्यात नव्हता असं सगळे म्हणत, आणि लगेच आवाज खाली आणून पुढचं सांगत, "त्या दिवशी मात्र प्यायला होता."

दारूचं ते मालकांच्या कानावर गेलं होतं म्हणून मिस्त्रींचं फोरमनपद हुकलं. ठरलेलं, पाटी रंगवायला दिलेली, तरी हुकलं. शिवाय मालकांनी निवाडा केला, की दहा वर्षं दर महिन्याला मिस्त्रींच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून आत्याला भरपाई म्हणून द्यायची. मालकांची स्वतःची दमडी त्यात नव्हती, हे मी आपलं माझ्या समाधानासाठी नोंदवून ठेवते.

चार महिन्यांनी आत्या कामावर परतली आणि थेट त्याच मशीनपाशी जाऊन उभी राहिली. बाकी कुणी मिस्त्रींसमोर गठ्ठा लावायला धजावत नव्हतं. तेव्हापासून आत्यानं "हं" म्हटलं तरी मिस्त्री पातं आणायचे नाहीत. ती दोन्ही हात पाठीमागे नेईपर्यंत थांबायचे, वाकून बघायचे, मग आणायचे. चौदा वर्षं, दिवसातून शेपन्नास वेळा. दुसऱ्या कुणाला एवढ्यावर समाधान मानता आलं असतं. पण आत्याला हवा होता शब्द.

का हवा होता, ते सांगते. आम्ही यहुदी. आमच्यात वर्षातून एकदा कडक उपासाचा दिवस येतो आणि त्या दिवशी देव वर्षभराच्या चुका माफ करतो. पण फक्त त्याच्याशी केलेल्या. माणसाशी केलेल्या चुकांना तो हात लावत नाही. त्यांची माफी ज्याच्या त्याच्याकडे पायी जाऊन, तोंडानं मागून घ्यावी लागते. समोरच्यानं नाही म्हटलं तर पुन्हा जायचं, तरी नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा. तीनदा मागूनही जो देत नाही, त्याच्यावर मग दोष जातो.

आत्या हे अगदी रोखठोक पाळायची. उपासाच्या आधी कागदाच्या कपट्यावर यादी करायची आणि दारोदार जायची. शेजारीण, दूधवाला, कामावरच्या बायका. मलाही सोडायची नाही. "तुझ्या नवऱ्याबद्दल मी त्या दिवशी बोलले ते जास्त झालं. माफ कर."

"खरं तेच बोललीस की."

"खरं होतं म्हणूनच जास्त झालं. माफ कर म्हणते ना?"

माफ केलं म्हटल्याशिवाय ती पुढ्यातून हलायची नाही. मग यादीवर रेघ मारायची. उपासाच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र ती कुठं जायची नाही. धुतलेलं लुगडं नेसायची, बाहेरच्या खोलीत खुर्ची घ्यायची आणि दार किलकिलं ठेवून बसायची. पहिल्या वर्षी मी विचारलं, कोण यायचंय. म्हणाली, "मिस्त्री." ऊन भिंतीवरून उतरलं की उठायची, दार लावायची. "यंदाही नाही." एवढंच. आणि पुढचा अख्खा दिवस पोटात अन्नाचा कण नाही आणि कपाळावर ही मोठी आठी.

मला मिस्त्रींचा राग यायचा. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं, गाणी म्हणायची, आणि ज्या बाईची बोटं कापली तिला एकदा "चुकलं" म्हणता येत नाही? मी तर त्यांना ढोंगी ठरवून मोकळी झाले होते.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी ते पाकीट द्यायला घरी येत. मालकांनी कापलेले पैसे ऑफिसातून थेट आत्याला मिळू शकले असते, पण मिस्त्रींनी मागून घेतलं होतं की मी स्वतः देईन. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, पाकीट द्यायचे, "येतो बाई" म्हणायचे. आत्या दाराची चौकट धरून वाट बघायची, आज तरी काही बोलतात का. तेही क्षणभर घोटाळायचे. दोघांचीही तोंडं शिवल्यासारखी.

मी आल्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या पंचांगातलं सातवं वर्ष आलं. दर सातव्या वर्षाच्या अखेरीला आमच्यात माणसानं माणसाला दिलेली कर्जं सुटतात, असा जुना नियम आहे. तो आता कोण पाळतं? आत्या मात्र आमच्या प्रार्थनाघरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला गेली. त्यांनी दाढी कुरवाळत सांगितलं, "बाई, ते कर्ज नव्हे. भरपाई आहे. तिला नियम लागू होत नाही."

"मी लागू करून घेते," आत्या म्हणाली आणि चपला घालून निघाली.

पुढच्या महिन्यात मिस्त्रींनी पाकीट पुढे केलं तसं तिनं हात मागे घेतला. "आजपासून बंद. मी सोडलं."

"का हो बाई?"

"आमच्यात सातव्या वर्षी सोडतात."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "तरीही घ्या," ते म्हणाले.

आता मजा अशी, की आमच्या नियमात ही पळवाटही लिहिलेली आहे. ज्याचं येणं असेल त्यानं आधी "सोडलं" म्हणायचं. देणेकरी "तरीही" म्हणाला तर पैसे घ्यायला हरकत नाही. मिस्त्रींना ह्यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी नेमकं तेच बोलले. आत्या चकित झाली आणि तिनं पाकीट घेतलं. दहा वर्षं पुरी होईपर्यंत दर महिन्याला तेच. "सोडलं." "तरीही." मग पाकीट. मला वाटायचं, बाई किती नियमाची! ती ते पैसे घेताना माझ्याकडे बघायची नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

हप्ते संपले, त्यालाही चार वर्षं झाली आणि मिस्त्री निवृत्त झाले. मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. बाइंडिंगखान्यात निरोपसमारंभ झाला. म्हणजे टेबलं भिंतीला लावली, चहा आला, बिस्किटं आली. आत्याच्या आग्रहावरून मीही गेले होते. थोरले मालक जाऊन आता धाकटे कारभार बघत. त्यांनी भाषण केलं. माणूस वाईट नाही, पण बोलताना ब्रेक लागत नाही. म्हणाले, "मिस्त्रींकडून शिकण्यासारखी गोष्ट सांगतो. एका दिवसाच्या दारूनं यांचं फोरमनपद गेलं. पण त्यानंतर या माणसानं थेंबाला स्पर्श केला नाही. चुकीतून माणूस असा सुधारतो." टाळ्या वाजल्या.

मिस्त्री खाली बघत होते. कान लाल झालेले. माझ्या शेजारी आत्यानं भरलेली कपबशी तशीच टेबलावर ठेवून दिली.

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तो त्या दिवशी प्यालाच नव्हता."

"मग कोण म्हणालं प्याला म्हणून?"

"मी."

इस्पितळात थोरले मालक भेटायला आले होते. हाताला भलंमोठं बँडेज, अंगात ताप. त्यांनी विचारलं, झालं कसं? आणि ही म्हणाली, तोंडाला वास येत होता. एवढं एकच वाक्य. पुढं ते सांगत सुटायची तिला गरजही पडली नाही. ते तिच्याशिवायच सगळीकडे फिरलं.

दरवर्षी दूधवाल्यापर्यंत जाणारी ही बाई! "तुझ्या यादीत मिस्त्रींचं नाव कधीच नव्हतं?" मी विचारलं.

"त्यानं आधी यायला पाहिजे होतं. बोटं माझी गेली होती," ती म्हणाली. मग चपला काढता काढता, "तो आला असता तर मीही मागितली असती. लगेच मागितली असती."

म्हणजे चौदा वर्षं ती दार किलकिलं ठेवून बसत होती ती काही नुसती घ्यायला नव्हे. मला तिचा राग आला आणि तितकीच कीवही आली. एकाच वेळी दोन्ही येऊ शकतात, हे लग्न केलेल्या माणसाला सांगायला नको.

उपास अजून दोन महिने लांब होता, पण मिस्त्रींची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. सकाळी आठला आम्ही दोघी त्यांच्या दारात. खोलीत दोरीनं बांधलेली खोकी, उघडी पेटी, भिंतीवरून काढून घेतलेल्या क्रूसाची पांढुरकी खूण. मिस्त्रींनी एकुलती एक खुर्ची पुढे केली. आत्या बसली नाही.

"मिस्त्री, मी खोटं बोलले होते. दारूचं. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला माफ करा."

मिस्त्री हसले. अगदी साधं, मोकळं हसले. "बाई, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी तर त्याच आठवड्यात सोडून दिलं. केव्हाच माफ केलं."

आत्याचं तोंड रडवेलं होईल असं मला वाटलं होतं. ते झालं लालबुंद. "केव्हाच म्हणजे? मी मागितली होती?"

"नाही, पण..."

"मग कुणी सांगितलं तुम्हाला परस्पर माफ करायला? चौदा वर्षं मी घशात काटा घेऊन फिरतेय, आणि हे आपले माफ करून मोकळे! आणि मला सांगितलंही नाही!"

मिस्त्री गोंधळले. त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत देवाशी एक बोलणं झालेलं असतं, की मी लोकांचं जेवढं सोडीन तेवढंच तू माझं सोड. त्यात समोरचा मागायला येईपर्यंत थांबा असं कुठं नाही. "आणि मला माझं सुटायला हवं होतं बाई. माझं तर तुमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं."

"मग त्याबद्दल कधी एक शब्द का नाही काढलात?"

"काढला की. त्याच रविवारी फादरना सगळं सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, मी ते केलं, त्यांनी माफी झाल्याचं सांगितलं."

"फादरनी?" आत्या एक पाऊल पुढे झाली आणि डावा हात तिनं त्यांच्या नाकासमोर धरला. "ही बोटं काय फादरची होती?"

मिस्त्री त्या हाताकडे बघत राहिले. चौदा वर्षं रोज शेपन्नास वेळा बघितलेला हात, पण असा समोर धरलेला त्यांनी कधी पाहिला नसावा. मग हळूच म्हणाले, "फादर म्हणाले होते, तिच्याकडेही जा. दर महिन्याला पाकीट घेऊन यायचो ते त्यासाठीच. उंबऱ्यापर्यंत यायचो. वाटायचं, विषय काढला तर हिला परत तो दिवस आठवेल."

"मी विसरले होते असं वाटलं तुम्हाला?"

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि त्यांना चपला घालायला लावल्या. "चला. अजून व्हायचंय."

आमच्यात चारचौघांत कुणाला बदनाम केलं असेल तर घरात माफी मागून भागत नाही. चारचौघांतच ते निस्तरावं लागतं. मिस्त्री वाटेत तीनदा म्हणाले, राहू द्या बाई, मी जातोच आहे. आत्या म्हणाली, "तुम्ही माफ केलंत म्हणून मी बोलले ते खरं ठरतं का?" बाइंडिंगखान्यात दहाच्या चहाला सगळे जमलेले होते. ती मशीनपाशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की त्या दिवशी मिस्त्री शुद्धीत होते, दारूचं मी खोटं सांगितलं, आणि काल भाषणात जे झालं ते माझं पाप आहे. धाकटे मालक "अहो, आता कशाला ते" असं काहीतरी पुटपुटले. शिवणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. छत्तीस वर्षांची तिची इभ्रत त्या खोलीत होती, आणि ती तिथं तिनं स्वतःच्या हातानं खाली ठेवली. मला तेव्हा तिचा जितका अभिमान वाटला तितका त्याआधी कधी वाटला नव्हता.

त्यावर मिस्त्री पुढे आले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई, तुमची बोटं माझ्यामुळे गेली. मला माफ करा."

एवढंच तर तिला हवं होतं. पण तिनं विचारलं, "लक्ष कुठं होतं तुमचं?"

"कुठंच नव्हतं, बाई. मीही खूप आठवून बघितलं. भांडण नव्हतं, काळजी नव्हती, झोपही नीट झाली होती. रोजच्यासारखाच दिवस होता. पातं आणलं."

आत्या हळूहळू स्टुलावर बसली. तिला कारण हवं होतं. कारण नाही हे सोसवेना म्हणून तर तिनं स्वतः एक बनवलं होतं, दारूचं. आज तेही तिनं स्वतःच काढून टाकलं होतं. "आज नाही जमत," ती म्हणाली. "उद्या या."

मिस्त्रींनी तिकीट बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात येऊन त्यांनी पुन्हा मागितली. आत्या चौकट धरून उभी राहिली. तिनं मान हलवली. नाही. ते गेल्यावर मी तिच्यावर चांगलीच उखडले. म्हातारा माणूस, खोकी बांधून बसलाय, मुलगी फोनवर फोन करतेय, आणि तू ह्याला हेलपाटे घालायला लावतेस? ती म्हणाली, "खोटं 'माफ केलं' म्हणू? एकदा खोटं बोलून बघितलंय मी."

त्या दिवशी ती कामाला गेली नाही. दुपारभर खिडकीशी बसून उजव्या हातानं डाव्या हाताची रिकामी जागा चोळत होती. जेवायला बोलावलं तर आली, दोन घास खाल्ले, परत खिडकीशी गेली.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री सामान घेऊनच आले. खाली रिक्षा उभी. त्यांनी पेटी ठेवली, टोपी काढली, दम खायला थांबले. म्हातारपणी दोन जिने म्हणजे काही थोडे नव्हेत. ते तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "केलं माफ."

मिस्त्री बघतच राहिले. "पण बाई, मी अजून मागितलीच नाही."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "गाडी चुकेल. पळा."

ते पळाले नाहीत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. आत्या दारातून बाहेर आली, लुगडं सावरत त्यांच्या शेजारी बसली, आणि खालून रिक्षावाला भोंगा वाजवत राहिला तरी दोघांपैकी कुणीही उठलं नाही.